पानओवा लावून ओवा मिळत नाही

नर्सरीतून ‘ओव्याचं झाड’ आणायचं, वर्षभर सांभाळायचं आणि मग विचारायचं, ‘याला ओवा कधी लागणार?’ लागणार नाही. जाड, लवदार, कातरलेल्या कडांच्या पानांचं ते झाड पानओव्याचं. डब्यातला ओवा वेगळ्याच झाडाचा. ओवा कोथिंबीर-शेपूच्या कुळातला, पानओवा तुळस-पुदिन्याच्या. वास सारखा येतो, कारण ओव्याच्या तेलात थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं आणि पानओव्याच्या तेलात त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉल. नर्सरीवाल्यांनी पाटीवर नुसतं ‘ओवा’ लिहिणं आता तरी थांबवावं.

उलटी चूकही नेहमीची. डब्यातला ओवा पेरला की शेपूसारखी बारीक पानं येतात आणि ‘हे भलतंच उगवलं’ म्हणून लोक ती उपटून टाकतात. तेच खरं ओव्याचं रोप.

ओव्याचं थोडक्यात. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास, ज्वारी-हरभऱ्यासोबत पेरायचा. बी यंदाचंच घ्या. ते बारीक असतं, म्हणून वाळूत कालवून फोका आणि वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती टाका. रोपं वीतभर अंतरावर विरळ करा. आपल्या काळ्या रानात त्याचं बरं जमतं. पांढऱ्या फुलांच्या छत्र्यांवर मावा येतो, तिकडे लक्ष ठेवा. छत्र्या तपकिरी झाल्या की सकाळच्या गारव्यात कापा, उन्हात कापल्या तर दाणे गळतात. पीक काढलं की झाड संपलं.

पानओव्याचं तसं नाही, आणि घोळ होतो तो इथेच. तो बियांवर नाही, फांदीवर वाढतो, वर्षानुवर्षं राहतो आणि पाणी पानात नि खोडात साठवतो. त्याला रोज पाणी घालाल तर तो मरेल. मराठवाड्यात तर हमखास, कारण कुंडीत भरलेली असते नुसती काळी माती. ती पाणी धरून बसते, मुळाशी हवा जात नाही, बुडाशी खोड काळं, मऊ पडतं आणि पानं पिवळी होऊन गळतात. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो!

जून-जुलैत चार बोटं लांबीची, तीन-चार पेरांची फांदी घ्या, अगदी कोवळी नको. खालची पानं काढा आणि कापलेलं टोक सावलीत एक दिवस सुकू द्या. ही पायरी गाळली तर फांदी कुजू शकते. एक भाग काळी माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत असं मिसळून, बुडाला भोक असलेल्या कुंडीत दोन पेरं मातीत जातील अशी खोचा. दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते. पुढे बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी आणखी कमी. एप्रिल-मेत पारा 42 वर गेला की दुपारचं पश्चिमेचं ऊन नको, नाहीतर पानं लहान आणि फिकट पडतात. शेंडे खुडत राहा, झाड भरगच्च होतं. दोन वर्षांनी खोड लाकडासारखं झालं की नवी फांदी लावा, जुन्याचा मोह नको.

स्वयंपाकात एकाच्या जागी दुसरा चालत नाही. थालीपीठाला, खाऱ्या शंकरपाळ्याला ओवाच हवा, पानओव्याचं पाणी सुटून पीठ सैल होतं. भजी मात्र पानओव्याचीच. पान धुऊन कापडानं कोरडं पुसा, लवेत थेंब राहिला तर बेसन चिकटत नाही आणि तेल उडतं. वाटीभर बेसनाला दोन चमचे तांदळाचं पीठ, तिखट, हळद, मीठ. त्यात ओवा टाकू नका, पानाचा वास दबतो.