घरच्या सर्व्हरचे स्टोरेज कार्ड : बिनडोक कार्डाला मोल कसे आले

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत घरचा सर्व्हर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वणी, आर्वी, पुसद, मूर्तिजापूर अशा गावांत लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या स्टुडिओकडे एकेका लग्नाचे शे-दोनशे जीबी फुटेज जमा होते, आणि नवरदेवाकडचे लोक दोन वर्षांनीही ते मागायला येतात. जिनिंगच्या आवारातल्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंगही कुठेतरी ठेवावेच लागते. इंटरनेटचा अपलोड वेग पाहता हे सगळे क्लाउडवर चढवणे व्यवहार्य नसल्यामुळे जुन्या डेस्कटॉपमध्ये डिस्का बसवून काम भागवले जाते. मदरबोर्डवर डिस्का जोडण्याचे साटा पोर्ट चार किंवा सहा असतात. ते संपले, की डिस्का जोडण्यासाठी वेगळे कंट्रोलर कार्ड लागते.

इथे जाणकार जो सल्ला देतात तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. जुन्या सर्व्हरमधून निघालेले रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्का जोडून एकच मोठी डिस्क असल्यासारखे दाखवणारे कार्ड, घ्या, पण त्यातली रेडची सगळी अक्कल पुसून टाका आणि नुसते डिस्का दाखवणारे कार्ड म्हणून वापरा, असा तो सल्ला असतो. अक्कल पुसलेल्या कार्डाला अधिक मोल का, याचे उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांच्या इतिहासात आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डिस्क आणि तिला चालवणारा कंट्रोलर या दोन निरनिराळ्या वस्तू होत्या. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने त्यांच्या जोडणीसाठी आखलेली ‘सासी’ ही पद्धत पुढे ‘स्कझी’ या नावाने १९८६ साली अमेरिकी प्रमाण म्हणून मान्य झाली आणि सर्व्हरच्या जगात रुजली. साधारण त्याच सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या प्रयत्नांतून घरगुती संगणकासाठी आयडीई पद्धत आली, जिच्यात कंट्रोलर थेट डिस्कवरच बसवलेला होता. तेव्हापासून स्वस्त डिस्का आणि सर्व्हरच्या डिस्का यांचे रस्ते वेगळे झाले, ते दोन दशकांनी पुन्हा एकत्र आले.

रेडची कल्पना रूढ झाली ती १९८८ साली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात आयबीएमच्या मेनफ्रेमसाठीच्या ७,५०० मेगाबाइटच्या अवजड डिस्कची तुलना कॉनर कंपनीच्या १०० मेगाबाइटच्या साडेतीन इंची डिस्कशी केली. लहान डिस्का पुष्कळ संख्येने एकत्र वापरल्या तर वेग आणि किंमत दोन्ही परवडतात, मात्र डिस्का जितक्या जास्त तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त, हे त्यांनी दाखवले. त्यावर उपाय म्हणून माहितीबरोबर पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर काढता येईल असा जादा हिशेब, लिहून ठेवण्याचे निरनिराळे प्रकार त्यांनी मांडले.

हा हिशेब गणिताच्या दृष्टीने साधा असला, तरी प्रत्येक लेखनाला तो करावा लागतो, आणि त्या काळच्या सर्व्हरच्या प्रोसेसरला तो जड जात असे. म्हणून नव्वदच्या दशकात हे काम स्वतंत्र कार्डावर गेले. त्या कार्डांवर इंटेलच्या आय९६० जातीचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि त्या मेमरीला जगवणारी बॅटरी असे. मायलेक्स आणि अमेरिकन मेगाट्रेंड्स ही त्यातली मोठी नावे. अमेरिकन मेगाट्रेंड्स ही मूळच्या भारतीय असलेल्या एस. शंकर यांनी १९८५ साली अमेरिकेत सहकाऱ्यासह सुरू केलेली कंपनी, आणि तिची ‘मेगारेड’ ही कार्डे सर्व्हरमध्ये सर्रास दिसू लागली. २००१ साली तिचा रेड विभाग एलएसआय लॉजिकने विकत घेतला. एलएसआय २०१४ मध्ये अवागोकडे गेली, आणि अवागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम विकत घेऊन तेच नाव धारण केले. आज जुन्या कार्डावर एलएसआय, थोड्या नव्यावर अवागो आणि अगदी नव्यावर ब्रॉडकॉम छापलेले दिसते, त्याचा उलगडा एवढाच आहे. घराणे एकच.

कार्डावरच्या बॅटरीकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण आपल्या भागाशी तिचा थेट संबंध आहे. रेड ५ मध्ये, म्हणजे पॅरिटी सगळ्या डिस्कांवर वाटून ठेवणाऱ्या प्रकारात, माहिती एका डिस्कवर लिहून झाली आणि पॅरिटी दुसऱ्या डिस्कवर जाण्यापूर्वीच लाईन गेली, तर दोहोंचा मेळ बसत नाही. पुढे कधी एखादी डिस्क निकामी झाली, की या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीचाच मजकूर उभा राहतो आणि त्याची वाच्यता कुठेही होत नाही. कार्डावरच्या मेमरीत अडकलेले लेखन बॅटरी काही तास ते काही दिवस धरून ठेवते आणि वीज आल्यावर पूर्ण करते, हा त्या महागड्या कार्डाचा खरा उपयोग होता. परंतु ही बॅटरी काही वर्षांत उतरते आणि उष्णतेने लवकर उतरते. ती उतरली की बहुतेक कार्डे सावधगिरी म्हणून मेमरीचा वापर थांबवतात आणि लेखन एकदम मंदावते. गावची डीपी जळाली तर दुरुस्तीला दोन-तीन दिवसही लागू शकतात. मे महिन्यात तापलेल्या खोलीतली चार वर्षे जुनी बॅटरी तेवढा वेळ टिकेल, यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

दरम्यान दुसरीकडे प्रोसेसर इतके वेगवान झाले, की पॅरिटीचा हिशेब त्यांच्या लेखी किरकोळ ठरला. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये ‘झेडएफएस’ या फाइल सिस्टिमचे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेचे, काम सुरू केले आणि २००५ मध्ये तिचा सोर्स कोड सनच्या ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममधून खुला झाला. लिहिलेल्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे मजकूर बदलला तर कळावे यासाठीचा पडताळणीचा आकडा, ती वेगळा ठेवते, वाचताना तो ताडून पाहते आणि मेळ बसला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करते. शिवाय जुन्या मजकुरावर ती कधीच लिहीत नाही. नवे लेखन नव्या जागी पूर्ण झाल्यावरच ती जुने सोडते, त्यामुळे मध्येच वीज गेल्याने पॅरिटीचा मेळ चुकण्याचा प्रश्न बॅटरीशिवाय सुटतो. (शेवटच्या काही सेकंदांतले काम मात्र जाऊ शकते. यूपीएस लावावाच.) सनने २००६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘थंपर’ या सर्व्हरमध्ये ४८ साध्या साटा डिस्का होत्या आणि त्या चालवायला मार्व्हेलचे आठ-आठ पोर्टचे सहा साधे कंट्रोलर होते. रेड कार्ड एकही नव्हते. एवढ्या मोठ्या कंपनीने एवढ्या डिस्का रेड कार्डाविना विकल्या, हे त्या काळी पुष्कळांना धाडसाचे वाटले असेल.

झेडएफएसला डिस्क प्रत्यक्ष दिसावी लागते, आणि रेड कार्ड नेमके तेच होऊ देत नाही. मालकाला वही न दाखवता फक्त शिल्लक सांगणाऱ्या मुनीमासारखे ते वागते. डिस्कचा अनुक्रमांक, तिचे तापमान, खराब होत चाललेल्या सेक्टरांची संख्या हे सगळे कार्डामागे झाकले जाते, आणि डिस्कवर लिहून झाल्याची ग्वाही प्रत्यक्ष लिहिण्यापूर्वीच दिली जाऊ शकते. घरगुती डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी कित्येक सेकंद खटपट करत राहते, आणि रेड कार्ड तेवढा वेळ न थांबता ती डिस्क मेली असे समजून तिला बाहेर काढते, हीसुद्धा नेहमीची तक्रार आहे. माझ्या मते मात्र खेड्यातल्या माणसासाठी याहून मोठे कारण वेगळे आहे. रेड कार्ड डिस्कांवर स्वतःच्या पद्धतीने नोंदी करते. ते जळाले तर त्याच घराण्याचे दुसरे कार्ड मिळेपर्यंत डिस्का शाबूत असूनही उघडत नाहीत. साध्या कार्डावर चालणाऱ्या डिस्का मात्र पुरेसे पोर्ट असलेल्या कोणत्याही संगणकाला लावून वाचता येतात. सुटा भाग आठवडाभराने कुरिअरने येणाऱ्या ठिकाणी हा फरक फार मोठा आहे.

स्वस्त डिस्का आणि सर्व्हरच्या डिस्का यांचे रस्ते पुन्हा जुळले ते याच काळात. आयडीईची जागा घेणारी साटा २००३ च्या सुमारास आली, आणि तिच्या मागोमाग सर्व्हरसाठी स्कझीच्या जागी आलेल्या सॅसची जोडणी अशी आखली गेली की सॅस कार्डाला साटा डिस्क चालते. उलटे मात्र चालत नाही. सॅस डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण ती मदरबोर्डच्या साटा पोर्टला लागणार नाही. एलएसआयची सॅस १०६८ई ही चिप ३ गिगाबिटची होती आणि तिला २.२ टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्ण दिसत नसे, त्यामुळे तीन टेराबाइटच्या डिस्का येताच ती कार्डे भंगारात निघाली. त्यानंतरच्या सॅस २००८ या ६ गिगाबिटच्या चिपला ती मर्यादा नव्हती. हीच चिप आयबीएमने एम१०१५ या नावाने आणि डेलने पर्क एच२०० व एच३१० या नावांनी आपापल्या सर्व्हरमध्ये घातली. ते सर्व्हर बदलले गेले तशी ही कार्डे दिल्लीच्या नेहरू प्लेस, मुंबईच्या लॅमिंग्टन रोड अशा जुन्या मालाच्या बाजारांत उतरली आणि तिथून ऑनलाइन विक्रेत्यांमार्फत थेट तालुक्यापर्यंत येऊ लागली.

या कार्डांची अक्कल पुसणे म्हणजे त्यांतले कंपनीचे रेड फर्मवेअर (कार्डातच साठवलेला, त्याला चालवणारा प्रोग्राम) काढून एलएसआयच्या ९२११-८आय या कार्डाचे ‘आयटी मोड’, म्हणजे डिस्का जशाच्या तशा दाखवणारे, फर्मवेअर घालणे. कार्ड हातात घेतले तर त्यावर एक लहानसा स्टिकर दिसतो, त्यावर बहुधा ५००६०५ ने सुरू होणारा सोळा अक्षरांचा सॅस पत्ता छापलेला असतो. तो आधी कागदावर उतरवून घ्यावा लागतो, कारण जुने फर्मवेअर पुसताना तोही पुसला जातो आणि नंतर हाताने भरावा लागतो. पेन ड्राइव्हवरून डॉस किंवा ईएफआय शेल सुरू करून हे काम होते. प्रत्यक्ष लेखनाला फार वेळ लागत नाही, पण जुने पुसल्यानंतर आणि नवे लिहून होण्यापूर्वी लाईन गेली तर कार्ड निकामी होऊ शकते. रब्बीच्या दिवसांत पंप सुरू होताच जिथे दिवे मंद होतात, तिथे हे काम यूपीएसवाचून करू नये. विसाव्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये दोष होते, म्हणून त्याच मालिकेतली शेवटची, २०.००.०७.०० ही आवृत्ती घालतात.

डेलचे कार्ड काही घरगुती मदरबोर्डांत बसवले की संगणक सुरूच होत नाही, किंवा रॅम कमी दिसते. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांपैकी बी५ आणि बी६ या दोन पट्ट्यांवर उष्णतारोधक चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, की अडचण दूर होते. त्या पट्ट्या सर्व्हरच्या देखरेख यंत्रणेशी बोलण्यासाठी असतात आणि घरी त्यांची गरज नसते. कार्डे बाद ठरवण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा.

उष्णतेचा प्रश्न मात्र चिकटपट्टीने सुटत नाही. ही कार्डे सर्व्हरसाठी घडवलेली आहेत आणि तिथे समोरचे पंखे त्यांच्यावरून सतत हवा ढकलत असतात. ९२११-८आयच्या माहितीपत्रकात मिनिटाला २०० फूट वेगाची हवा गृहीत धरली आहे. घरच्या टॉवर कॅबिनेटमध्ये त्या कोपऱ्यात हवा जवळपास हलत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे, आणि कूलर बसण्याच्या खोलीत असतो, सर्व्हरच्या नव्हे. कार्ड तापले की डिस्का अधूनमधून गायब होतात आणि दोष डिस्कांवर येतो. कार्डाच्या हीटसिंकवर चाळीस मिलिमीटरचा लहान पंखा बसवणे हा स्वस्त इलाज आहे. जिनिंगच्या शेजारी राहणाऱ्यांनी त्यातला कापसाचा तंतू महिन्या-दोन महिन्यांनी काढावा.

जुने कार्ड नको असेल, तर नवी साटा कार्डेही आता वाईट राहिलेली नाहीत. जेएमबी५८५ या चिपवर पाच आणि एएसएम११६६ वर सहा पोर्ट खरोखरीचे मिळतात, वीज कमी लागते आणि फर्मवेअरची खटपट बहुधा करावी लागत नाही. त्याच दुकानात आठ, दहा, सोळा पोर्टची कार्डेही दिसतात. त्यांच्यावर बहुधा एकच पोर्ट अनेकांत वाटणारी जादा चिप असते, आणि एक डिस्क अडखळली की त्या वाटणीतल्या सगळ्याच अडखळतात. ती घेऊ नयेत, असे स्पष्टच सांगायला हवे.

वेगासाठी १२ गिगाबिटचे कार्ड घेण्याचा मोह होतो, तो हिशेबाने आवरावा. सॅस २००८ कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या आठ लेन, म्हणजे माहितीच्या आठ वाटा, मिळाल्या तर सेकंदाला सुमारे ४ जीबी वाहून नेता येतात, आठ फिरत्या डिस्का मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास पोचतात, आणि घरच्या गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला १२५ एमबीच्या वर काही जातच नाही. ९३००-८आय या १२ गिगाबिटच्या नव्या कार्डाचे समर्थन वेगाने होत नाही, ड्रायव्हरने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कार्ड चालवू देणाऱ्या प्रोग्रामने, होते. रेड हॅट या कंपनीने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून सॅस २००८ चा आधार काढला आहे, मूळ लिनक्स कर्नलमध्ये तो अजून आहे. आणि ज्यांच्याकडे दोन-दोन टेराबाइटच्या आठ डिस्का आहेत, त्यांनी कार्ड शोधण्यापूर्वी मोठ्या क्षमतेच्या चार डिस्कांचा भाव एकदा विचारावा. त्या मदरबोर्डच्या पोर्टांवरच बसतात, कार्डाची आणि चार जादा डिस्कांची वीज वाचते, आणि लाईन गेल्यावर इन्व्हर्टर तेवढा अधिक वेळ चालतो.