रोबोसाहाय्यित शस्त्रक्रिया

शल्यचिकित्सकाने रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलपाशी (नियंत्रणाच्या मंचापाशी) बसून यांत्रिक हातांकरवी केलेली दुर्बीण शस्त्रक्रिया. तिला सर्रास ‘रोबोटिक’ म्हणतात, आणि त्यामुळे रुग्णांचा हमखास गैरसमज होतो. यंत्र आपणहून एकही टाका घालत नाही. शल्यचिकित्सकाने दृश्यकातून डोके बाहेर काढले की हात आहेत तिथेच थांबतात.

१९८५ मध्ये ‘प्युमा ५६०’ या औद्योगिक यांत्रिक हाताचा उपयोग मेंदूच्या बायोप्सीसाठी झाला. ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या यंत्रणेला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. डेट्रॉइटमध्ये शल्यचिकित्सक मणी मेनन यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ही पद्धत नित्याची केली. प्रोस्टेट ग्रंथी ओटीपोटात खोल आणि अरुंद जागी असते. हात जिथे धड पोचत नाही तिथेच हे यंत्र खरे उपयोगी पडते. भारतात आता ‘एसएसआय मंत्र’ ही देशी यंत्रणाही वापरात आहे.

दा विंचीचे भाग तीन: कन्सोल, चार हातांची गाडी आणि कॅमेरा-प्रकाशाचा मनोरा. दृश्य त्रिमितीय असून दहापटीपर्यंत मोठे दिसते. हत्याराचे टोक मनगटासारखे वळते. शल्यचिकित्सकाच्या हाताची थरथर गाळली जाते. ३:१ हे प्रमाण लावले, तर हात तीन सेंटिमीटर हलल्यावर टोक एकच सेंटिमीटर सरकते.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत निम्मे यश मांडणीत असते. पोटात १२ ते १५ मिमी पारा दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात. कॅमेऱ्याचे छिद्र बेंबीजवळ, बाकीची ८ मिमीची छिद्रे एकमेकांपासून सुमारे ८ सेंमीवर. याहून जवळ घेतली की यांत्रिक हात बाहेर एकमेकांवर आपटतात. छिद्रात बसवलेल्या नळीवरची जाड काळी पट्टी पोटाच्या भिंतीच्या जाडीत बसवावी लागते, कारण यांत्रिक हाताची सगळी हालचाल त्या बिंदूभोवती फिरते. पट्टी वरखाली झाली, तर प्रत्येक हालचालीला भिंत ओढली जाते. टेबल डोक्याकडून २५ ते ३० अंश खाली करून मगच यांत्रिक हात नळ्यांना जोडतात. त्यानंतर, टेबल यंत्राशी जोडलेले नसेल, तर ते हलवायचे नाही. रुग्ण घसरू नये म्हणून पाठीखाली न घसरणारा फोम घालतात. खांद्याला आधार लावल्यास हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जाण्याचा धोका असतो. डोके खाली असल्याने चेहरा आणि डोळे सुजतात, म्हणून भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देतो.

शल्यचिकित्सकाला सर्वांत जड जाते ते स्पर्शाचे नसणे. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘दा विंची ५’ मध्ये ताणाची जाणीव काही हत्यारांपुरती आली आहे. बहुतेक ठिकाणी अजूनही डोळ्यांनीच चाचपावे लागते. ऊतक पांढरे पडले की ताण जास्त झाला हे ओळखायचे. नवख्याच्या हातून धागा तुटतो, कारण पकडीची ताकद बोटांना कळत नाही. नजरेआडचे हत्यार हलवायचे नाही, हा नियम मोडला की आतड्याला इजा होते. विद्युत कात्रीच्या टोकावरचे आवरण चिरले, तर प्रवाह भलतीकडे झिरपतो आणि आतड्यावरचा भाजका डाग काही दिवसांनी फुटतो. म्हणून आवरण लावण्यापूर्वी आणि वापरातही तपासतात.

टेबलाजवळचा साहाय्यक इथे दुय्यम नसतो. हत्यार बदलणे, रक्त शोषणे, चिमटा लावणे हे सारे त्याच्याकडे. मोठा रक्तस्राव झाला, तर तो दाब धरतो. हत्यारे उघडून बाहेर काढायची, मग यांत्रिक हात सोडवायचे, मग पोट उघडायचे, हा क्रम पथकाने आधी घोटून ठेवलेला असावा लागतो. वीज गेली आणि पकड ऊतकावर मिटलेली राहिली, तर ती सोडवायची चावी यंत्रासोबत असते. ती कुठे ठेवली आहे हे साऱ्या पथकाला ठाऊक हवे.

पुरावा संमिश्र आहे. ब्रिस्बेनच्या २०१६ मधील चाचणीत प्रोस्टेटच्या रुग्णांचे रक्त कमी गेले, पण बारा आठवड्यांनी लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता उघड्या शस्त्रक्रियेइतकीच आढळली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात २०१८ च्या चाचणीने धक्काच दिला: दुर्बिणीने किंवा रोबोने गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत साडेचार वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ८६ टक्के, तर पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के. या रोगात ‘छोटी छिद्रे’ हा रुग्णाला पटवण्याचा मुद्दा होऊ नये.

खर्च यंत्रापुरता थांबत नाही. दा विंचीच्या बहुतेक हत्यारांमध्ये वापर मोजणारी चिप असते आणि ठरलेले वापर संपले की धड दिसणारे हत्यारही यंत्र नाकारते. शिकणारा आधी सिम्युलेटरवर (सरावाच्या आभासी यंत्रावर), मग साहाय्यक म्हणून, मग दुहेरी कन्सोलवर एकेक टप्पा करत पुढे जातो. प्रोस्टेट काढल्यावर करायची मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांची जोडणी सहसा त्याच्या वाट्याला उशिरा येते, कारण ती गळली तर कॅथेटर (लघवीची नळी) ठरलेल्या दिवशी काढता येत नाही.