मुक्तिसदनातील उज्जीवन (केडगाव)

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्तिसदनात जून १९०५ मध्ये सुरू झालेली व साधारणपणे १९०७ पर्यंत टिकलेली ख्रिस्ती आध्यात्मिक जागृती. अहिल्यानगर शहरालगतचे केडगाव वेगळे. सामूहिक प्रार्थना, उघड पापांगीकार आणि आसपासच्या गावांतील सुवार्ताकार्य ही या उज्जीवनाची मुख्य अंगे होत. पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल या ख्रिस्ती चळवळीच्या उगमाच्या चर्चेत लॉस एंजेलिसबरोबर केडगावचेही नाव घेतले जाते.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली व विधवांसाठी केडगावची वसाहत, म्हणजेच मुक्तिसदन, उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी स्त्रिया आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामे बाया व मुलीच करीत. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, अंधांसाठी बार्तीमी सदन अशी निरनिराळी सदने होती. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे अँग्लिकन पद्धतीने झाला असला, तरी मुक्तिसदन कोणत्याही एका पंथाला बांधलेले नव्हते. उज्जीवनाला आवर घालू शकेल असा बिशप किंवा मिशन बोर्ड वर नसणे, हे त्याच्या जोमाचे एक कारण असावे.

तयारी दोनेक वर्षे चालली होती. ऑस्ट्रेलियातील जागृतीच्या सभांची माहिती घेण्यासाठी रमाबाईंनी कन्या मनोरमाबाई व अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिनी एब्रम्स यांना तिकडे धाडले. पाठोपाठ वेल्समधील उज्जीवनाच्या (१९०४-०५) आणि मार्च १९०५ पासून खासी टेकड्यांतील (आजचे मेघालय) वेल्श प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत घडणाऱ्या घटनांच्या वार्ता येऊ लागल्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी स्वखुशीने येणाऱ्यांना बोलावले; आरंभी सत्तरेक जणी आल्या, जूनपर्यंत हा आकडा पाचशेच्या वर गेला.

एब्रम्स यांच्या वृत्तांतानुसार २९ जूनच्या पहाटे झोपण्याच्या दालनात एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्याने शेजारची बाई पाण्याची बादली घेऊन धावली. पाणी ओतणार तोच मुलगी जळत नसल्याचे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्या संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावीत असता सगळ्याजणी एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे काही काळ नित्याच्या कामांत व वर्गांत खंड पडला. मुलींनी चोरी, खोटे बोलणे, भांडणे असे आपले दोष सर्वांसमोर कबूल केले.

अभ्यासकांत मतभेद आहे तो ‘अन्य भाषांत बोलणे’ (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करणे) केव्हा सुरू झाले याविषयी. ते १९०५ मध्येच घडले आणि त्यामुळे लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीट सभांच्या (एप्रिल १९०६) आधी केडगाव येते, असा एक पक्ष आहे. १९०५ ची समकालीन वर्णने मात्र अग्नी, अश्रू, थरथर व आनंद यांविषयी बोलतात. भाषांचा उल्लेख त्यांत ठळक नाही. एब्रम्स यांची आत्म्याच्या बाप्तिस्म्यावरील पुस्तिका १९०६ मध्ये निघाली. भाषांच्या दानाची दखल तिच्या सुधारित आवृत्तीत येते. अझुसाच्या बातम्या वाचल्यानंतर, डिसेंबर १९०६ च्या सुमारास, हा अनुभव मुक्तिसदनात पसरला, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. दौंडचे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी एका मुलीस तिला येत नसलेल्या इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहिले आहे. तो वृत्तांत छापला गेला १९०७ मध्ये. भाषांचा काळ उशिराचा धरला, तरी उज्जीवन स्वतः अमेरिकेतून आले नव्हते, हे निर्विवाद. अॅलन अँडरसन आदी इतिहासकार पेंटेकोस्टल चळवळीला एकच नव्हे तर अनेक उगमस्थाने मानतात, आणि त्यांच्या मांडणीचा केडगाव हा भक्कम आधार आहे.

रमाबाईंना स्वतःला अन्य भाषांत बोलण्याचा अनुभव आला नाही. तरीही गोंगाटावर आक्षेप घेणाऱ्या मिशनऱ्यांना त्यांनी १९०७ मध्ये ‘मुक्ति प्रेअर बेल’ या आपल्या नियतकालिकातून उत्तर दिले. भारतीय लोकांची उपासना त्यांच्या स्वभावाला धरूनच होणार, तीवर परदेशी शिस्त लादू नये, असा त्याचा आशय होता. हे उत्तर पंथशास्त्रापेक्षा व्यवहाराचे आहे आणि तेच त्याचे बळ.

उज्जीवनाने सेवेचे रूप घेतले ते प्रार्थना-टोळ्यांत. मुली गटागटाने आळीपाळीने भोवतालच्या खेड्यांत जात, गात, शास्त्र वाचून दाखवीत. रमाबाई एका टोळीसह पुण्यासही गेल्या. बालविधवा आणि दुष्काळातून वाचलेल्या अनाथ मुलींनी परक्या वस्तीत उभे राहून बोलावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या मुलींविषयीची माहिती बहुतांश इंग्रजी मिशनरी लेखनातून मिळते.

एब्रम्स यांनी आपली पुस्तिका १९०७ मध्ये चिलीतील वाल्पाराइसो येथील वर्गमैत्रीण मे लुईझ हूव्हर यांना पाठवली. त्यांचे पती विलिस हूव्हर यांच्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ मध्ये उज्जीवन झाले आणि त्यातून चिलीचा पेंटेकोस्टल पंथ निघाला. एब्रम्स १९१२ मध्ये वारल्या.

केडगावात सभांचा भर ओसरल्यावर रमाबाईंचे मुख्य लक्ष बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराकडे राहिले. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात बाया छपाईचे खिळे जुळवीत. नवा करार १९१३ मध्ये व संपूर्ण बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाई मुक्ती मिशन या नावाने संस्थेचे काम पुढे चालू राहिले.