पत्रे काढले की इंजिन का तापतं?

एप्रिल लागला की आमच्या धुळ्यात दोन गोष्टी जोरात फिरायला लागतात, कूलर आणि सल्ले. यंदाचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. हवेनं गार होणारं इंजिन ज्यांच्या गाडीला आहे, त्यांनी उन्हाळ्यापुरते इंजिनावरचे पत्रे काढून ठेवावेत. हवा खेळती राहते. खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

हा सल्ला पटण्यासारखा आहे, हीच त्याची खोड. उकडलं की आपण सदरा काढतो, मग इंजिनानं काय घोडं मारलंय? पण मी या सल्ल्याची किंमत रोख मोजली आहे. माझ्याकडे १९६५ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. घेतली तेव्हा तिच्या इंजिनाभोवतीचे निम्मे पत्रे गायब होते. आधीच्या मालकाच्या कुणा मेकॅनिकनं 'उगाच वजन' म्हणून ते भंगारात दिले होते. पहिल्याच मे महिन्यात लळिंगच्या घाटात गाडीनं मान टाकली. इंजिन उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, जळालेला. बाकीचे तीन ठीक. तिसराच का, ते पुढे सांगतो.

आधी शाळेतला हिशेब. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला धातूत मुरतो. हा मुरलेला हिस्सा बाहेर काढणं म्हणजे इंजिन गार ठेवणं. बीटलचं ११९२ सीसीचं इंजिन ३४ अश्वशक्तीचं, म्हणजे साधारण २५ किलोवॉट. पूर्ण जोरात चालताना जवळजवळ तेवढीच उष्णता धातूतून उपसायची असते. २ किलोवॉटचे बारा गिझर एकदम चालू आहेत असं समजा.

बहुतेक गाड्यांत हे काम पाणी करतं, कारण पाणी या कामात पैलवान आहे. एक लिटर पाणी एका अंशानं तापताना जेवढी उष्णता पोटात घेतं, तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणजे पाण्याऐवजी हवा वापरायची तर ती ढिगानं लागणार. इंजिनावरून जाताना हवा ५० अंशांनी तापते असं धरलं, तर २५ किलोवॉटसाठी सेकंदाला साडेचारशे लिटर हवा हवी. आपल्याकडचा पाण्याचा पिंप २०० लिटरचा. असे सव्वादोन पिंप हवा, दर सेकंदाला! मोटारसायकलला ती पळता पळता समोरून मिळते. बीटलचं इंजिन मात्र डिकीच्या जागी, बंद कप्प्यात. जुन्या बजाज स्कूटरचंही तसंच, ते कडेच्या पत्र्याआड दडलेलं. म्हणून दोघांनाही पंखा दिलेला असतो आणि पंख्याची हवा सिलिंडरपर्यंत नेणारं पत्र्याचं आवरण.

आता खानदेशातला उन्हाळा. फिन्स, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या त्या पातळ चकत्या, १८० अंशांवर आहेत असं धरू. जर्मनीतल्या १५ अंशांच्या हवेशी त्यांचा फरक १६५ अंशांचा, धुळ्याच्या ४५ अंशांशी १३५ चा. उष्णता या फरकाच्या जोरावर वाहते, तेव्हा इथेच अठरा टक्के गेले. शिवाय तापलेली हवा विरळ: १५ अंशांना घनमीटरमागे १.२२५ किलो, ४५ अंशांना १.११ किलो. पंखा तेवढ्याच गरगरा फिरला तरी त्याच्या ओंजळीत नऊ टक्के हवा कमी. असं असलं तरी हे इंजिन उष्ण मुलखात नांगी टाकतं असं मुळीच नाही. याच कुळातली जर्मन लष्करी गाडी क्यूबेलवॅगन दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हिंडली. मात्र तिचे पत्रे जागेवर होते.

गायब पत्रे पुन्हा करून घ्यायला मी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी आयुष्यात मोटारीला हात लावलेला नव्हता. आमच्याकडे पत्र्याच्या कामाला माणसं कमी नाहीत. धान्याच्या कोठ्या, पेट्या, पन्हाळी आणि उन्हाळ्यात कूलरच्या बॉड्या. आप्पा चाळीसेक वर्षं हेच करत आलेत. मी गाडीचं चित्र दाखवून मोठ्या उत्साहानं वायुगतिशास्त्र सांगायला लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "कूलरनी एक जायी काढी टाकी तं काय व्हस?" म्हटलं, गार हवा येत नाही. "मंग? हवा आयशी शे भाऊ. सोपी वाट दिसनी का तठेच पयस."

हवा आळशी, सोपी वाट दिसली की तिकडेच पळते: मी चार पानं वाचून जे शिकलो होतो ते एवढंच होतं. कूलरच्या तीन बाजूंना ओल्या गवताच्या जाळ्या असतात. एक जाळी काढली तर पंख्याला हवा जास्त मिळते, पण ती सगळी उघड्या बाजूनं, कोरडीच. ओल्या गवतातून घुसण्याचे कष्ट कोण घेणार? इंजिनाचंही तेच. फिन्समधल्या तीन-चार मिलिमीटरच्या फटींतून जाणं हवेला जड जातं. शेजारी पत्रा नसेल, पाच मिलिमीटरची जरी फट असेल, तर ती तिकडून सटकते. पातळ फटीतून शांतपणे वाहणाऱ्या हवेचा नियम असा, की दाब तोच ठेवून फट दुप्पट केली तर हवा दुप्पट नव्हे, आठपट जाते. रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. इंजिनातली हवा खवळलेली असते, तिथे आठपट नाही, सव्वातीनपटीच्या आसपास. तरी सौदा तोट्याचाच.

पण माझा खरा जीव जडलाय तो एका वेगळ्याच पत्र्यावर. तो वरून दिसत नाही, इंजिन उतरवल्याशिवाय हाताला लागत नाही, आणि म्हणूनच सगळ्यात आधी तोच हरवतो. बीटलचे सिलिंडर आडवे असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आणि पंख्याची हवा त्यांच्यावर वरून पडते. दोन सिलिंडरांच्या मध्ये, खालच्या अंगानं, तळहाताएवढा वाकवलेला पत्रा अडकवलेला असतो. मेकॅनिक त्याला बॅफल म्हणतात. दिसायला इतका क्षुल्लक की कुणालाही तो पॅकिंगबरोबर आलेला वाटावा.

त्याचं काम समजायला पावसाळ्यात तापीच्या पुलावर उभं राहावं. पाणी खांबावर आदळतं, दोन्ही कुशींनी पुढे सरकतं, पण खांबाच्या पाठीमागे वळत नाही. तिथे फेस आणि काडीकचरा एकाच जागी गोल गोल फिरत राहतो. खांबाला चिकटून चाललेला पाण्याचा थर घर्षणानं थकलेला असतो. पुढच्या अर्ध्या भागात वेग वाढत जातो आणि दाब उतरत जातो, त्यामुळे तो थर ओढला जातो. मागच्या अर्ध्या भागात उलट घडतं, दाब वाढत जातो. थकलेल्या थराला हा चढ चढवत नाही. तो भिंत सोडून देतो. गुळगुळीत दंडगोलावर शांत थर समोरच्या बिंदूपासून कोनात मोजलं तर साधारण ८० अंशांवर सुटतो, खवळलेला थर १२० पर्यंत तग धरतो. हवेचंही अगदी असंच. म्हणजे नुसता वारा घातलेल्या सिलिंडरचं तोंड गार आणि पाठ तापलेली. एकाच नळकांड्याची एक बाजू जास्त फुगली की ते गोल राहत नाही, पिस्टन घासतो, तेल जळतं.

बॅफल तो चढ नाहीसा करतो. सिलिंडरच्या पाठीला लागून पत्रा बसवला की हवेला पसरायला जागाच उरत नाही. वाट अरुंद राहते, म्हणून वेग टिकतो आणि दाब उलटा वाढत नाही. थर सुटायला निमित्त मिळत नाही आणि हवा फिन्सच्या फटींतून थेट पाठीपर्यंत घसटत जाते. दाबाचा तो उलटा चढ डोक्यात नीट बसला नाही तर सोडून द्या. पुलावरचा फेस लक्षात ठेवा, आणि त्या फेसाच्या जागी कुणी भिंत बांधली तर फेस राहील कुठे, एवढाच विचार करा.

ही अक्कल विमानवाल्यांनी आधी कमावली. उघड्या सिलिंडरांची विमान-इंजिनं वाऱ्यात ठेवली तरच गार राहतात, असा समज होता. अमेरिकेतल्या नाका (NACA) या विमानसंशोधन संस्थेनं १९२८ साली इंजिनाला पत्र्याचं गोल आवरण चढवून पाहिलं. लॉकहीड एअर एक्स्प्रेस विमानाचा वेग त्यामुळे ताशी २५३ किलोमीटरवरून २८५ वर गेला आणि संस्थेला विमानविद्येतली मानाची कॉलियर ट्रॉफी १९२९ सालासाठी मिळाली. पुढे आवरणाच्या आत बॅफल बसवून इंजिनं जास्त चांगली गारही राहू लागली. उलट १९२३ साली जनरल मोटर्सनं तांब्याच्या फिन्सचं इंजिन काढलं होतं. तांबं ओतीव लोखंडाच्या सात-आठपट उष्णता वाहून नेतं, तरी त्या गाड्या परत मागवाव्या लागल्या. बिनसण्याची कारणं अनेक होती, पण धातू कितीही चलाख असला तरी उष्णता शेवटी हवेच्याच हातात द्यायची असते.

आता तिसरा सिलिंडर. त्या काळच्या बीटलमध्ये तेल गार करणारा कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच, तिसऱ्या सिलिंडरच्या वर उभा असे. तिसऱ्याच्या वाट्याला अडलेली आणि आधीच तापलेली हवा यायची. १९७१ च्या मॉडेलांपासून कंपनीनं तो कूलर बाजूला सरकवला. माझ्या गाडीत तो जुन्याच जागी, त्यात बॅफल नाही. व्हॉल्व्ह बिचारा किती सोसणार?

कामाचं थोडक्यात. आप्पा पत्र्याला हात लावायच्या आधी खोक्याचा पुठ्ठा कापून सिलिंडरवर बसवून बघत. पुठ्ठा तीनदा चुकला, पत्रा एकदाही नाही. कूलरसाठी घरात जस्ताचा पत्रा पडलेला होता, पण त्यावर वेल्डिंग करायचं नव्हतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून २० गेजचा साधा काळा पत्रा घेतला, सुमारे ०.९ मिलिमीटरचा. कातरीनं कापून लाकडी मोगरीनं वळवला. सपाट भागात आप्पांनी न सांगता दोन पन्हळी काढल्या. कोठीच्या पत्र्याला काढतात तशाच. सपाट पत्रा इंजिनाच्या थरथरीनं नाचतो आणि भोकांपाशी तडकतो, पन्हळ काढली की ताठ होतो. मोकळ्या कडेत तार घालून ती वळवली. मूळ जर्मन पत्र्यावरही अशाच पन्हळी आहेत, हे त्यांना मी नंतर दाखवलं. त्यांना काही नवल वाटलं नाही.

फटी शोधायला इंजिन चालू करून कडेकडेनं उदबत्ती फिरवली. धूर जिथे उडाला तिथे गळती, तिथे रबराची पट्टी. शेजारच्या गॅरेजवाल्यांना वाटलं पूजा चाललीये. एकानं लिंबू-मिरचीही आणून दिली. ती पुढे बांधायची असते, बीटलचं इंजिन मागे, तेव्हा फिन्सना तिचा अडथळा नाही, एवढंच तिच्या बाजूनं म्हणता येईल. दुसऱ्यानं उष्णता 'ओढून घेणारा' काळा नॅनो रंग सुचवला. १८० अंशांवरचा पूर्ण काळा पृष्ठभाग प्रारणानं, म्हणजे नुसत्या किरणांवाटे, चौरस मीटरमागे अडीच किलोवॉटही टाकत नाही, आणि फिन्स तर आपली उष्णता एकमेकींवरच टाकत बसतात. पंख्याची हवा त्याच्या कितीतरी पट काम करते. रंग मी लावला, पण गंज लागू नये म्हणून.

मे महिन्यात भर दुपारी दोनला लळिंगचा घाट चढलो. वर गाडी थांबवून इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीला हात लावला, चटका बसला, पण धरवली. गेल्या खेपेला इथवर पोचलोच नव्हतो.

एक काम राहिलंय. मूळ गाडीत सिलिंडरखाली थर्मोस्टॅट असतो, इंजिन गारठलेलं असताना तो झडपा मिटून हवा अडवतो. माझ्या गाडीत त्या झडपाही नाहीत. धुळ्याची जानेवारीतली पहाट एक आकडी अंशांत उतरते, तेव्हा हेच इंजिन गरम व्हायला कुरकुरतं. दिवाळीनंतर कूलरचं काम थंडावलं की करू, असं आप्पा म्हणालेत. पुठ्ठा कापून ठेवलाय.