हिंदू कुटुंबातील व्यक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास : राजपत्राची प्रक्रिया, कागदपत्रे आणि घरातील इतरांवर होणारे परिणाम

घरातील एका व्यक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून सगळ्या घराचा धर्म बदलला, असे कायदा मानत नाही. पती, पत्नी, सज्ञान मुलगा, सज्ञान मुलगी अशा प्रत्येकाचा निर्णय, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील (शासनाच्या गॅझेटमधील) सूचना वेगळी असते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी) १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळात एकाच दांपत्याचे दोन धर्म होते. आजही अनेक घरांत असेच घडते. कुटुंबप्रमुखाने सर्वांच्या वतीने एकच अर्ज करण्याची कल्पना म्हणूनच मुळात चुकीची आहे, आणि पुढे जातीचा दाखला, मुलांचे पालकत्व किंवा वारसा यांत ज्या अडचणी येतात त्यांतील बऱ्याच अडचणींचे मूळ याच गैरसमजात असते.

धर्मांतर केव्हा पूर्ण झाले असे मानायचे, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या पेरुमल नाडर प्रकरणात दिले आहे. ते प्रकरण हिंदू धर्मात येण्याचे होते, तरी त्यातील कसोटी सर्वत्र वापरली जाते : केवळ तोंडी घोषणा पुरेशी नाही, मनापासूनचा हेतू आणि त्याला जुळणारे वर्तन हवे, ठरावीक विधी झालाच पाहिजे असेही नाही. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत मात्र बाप्तिस्मा हा इतका स्पष्ट टप्पा आहे की व्यवहारात तोच मुख्य पुरावा ठरतो. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ व्यक्तीला आधी धर्मशिक्षणाचा काळ पूर्ण करावा लागतो आणि पुष्कळदा बाप्तिस्मा ईस्टरच्या पूर्वरात्री होतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक आपापल्या मंडळीच्या नियमांनुसार तयारी करून घेतात. विधीनंतर चर्चच्या नोंदवहीतील उताऱ्यावरून बाप्तिस्म्याचा दाखला मिळतो. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, विधीची तारीख, नोंदीचा क्रमांक, विधी करणाऱ्या धर्मगुरूंची सही आणि शिक्का आहे की नाही हे तिथल्या तिथे पाहून घ्यावे. नावाचे लेखन आधार कार्डावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. दाखल्यावर फक्त नवे ख्रिस्ती नाव असेल, तर जुने नावही त्यावर नमूद करून घ्यावे.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. व्यक्ती अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी, निर्णय स्वेच्छेचा असावा, त्यामागे जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष नसावे. काही राज्यांत यासाठी स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांचे स्वरूप सारखे नाही. इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना मध्य प्रदेशचा २०२१ चा कायदा लागू होतो. त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी कळवण्याची तरतूद आहे, परंतु स्वेच्छेने विवाह करणाऱ्या सज्ञानांवर या तरतुदीखाली खटले भरू नयेत, असा अंतरिम आदेश तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. वडोदरा किंवा सुरतेत गुजरातचा २००३ चा कायदा आहे, ज्यात विधी करणाऱ्याला पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि धर्म बदलणाऱ्याला नंतर कळवावे लागते. महाराष्ट्रात राज्य शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली. त्यामुळे आपण कोठेही राहत असलात तरी, बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावा. पूर्वसूचनेची अट असेल तर ती विधीनंतर पुरी करता येत नाही.

महाराष्ट्रात कागदोपत्री कामाची सुरुवात प्रतिज्ञापत्राने होते. त्यात पूर्ण नाव, वय, पत्ता, पूर्वीचा धर्म, स्वीकारलेला धर्म, बाप्तिस्म्याची तारीख व चर्चचे नाव, आणि निर्णय स्वतःच्या इच्छेने घेतल्याचे निवेदन असावे. मुद्रांकाची किमान रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० वरून ५०० रुपये झाली असून काही प्रतिज्ञापत्रांना माफीही आहे. आपल्या कामाला कोणता नियम लागू होतो हे नोटरीकडून समजून घ्यावे. त्यानंतर स्थानिक वृत्तपत्रात छोटी जाहिरात द्यावी आणि तो अंक जपून ठेवावा. प्रतिज्ञापत्र, जाहिरात आणि मग राजपत्र हाच क्रम अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितला होता; तो महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी धरण्यासारखा आहे.

राजपत्रासाठीचा अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. नावातील बदल, जन्मतारखेतील बदल आणि धर्मातील बदल असे वेगवेगळे प्रकार तेथे असतात. नाव आणि धर्म दोन्ही बदलायचे असल्यास प्रतिज्ञापत्रात दोन्हींचा स्पष्ट उल्लेख असलाच पाहिजे. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, सही, प्रतिज्ञापत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला स्कॅन करून तयार ठेवावेत. अर्जातील मजकूर जसाच्या तसा छापला जातो, म्हणून शेवटचे बटण दाबण्यापूर्वी वेलांट्या-उकारांसह प्रत्येक अक्षर दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे. सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये प्रसिद्ध होते. मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही आणि सूचना अर्जदाराच्या निवेदनावर आधारलेली आहे, असेही त्याच राजपत्रात छापलेले असते. ही ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. राजपत्र म्हणजे आपण जाहीरपणे असे सांगितल्याची नोंद. धर्मांतराचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा मूळ दाखला सोबत लागतोच.

अनुसूचित जातीच्या कुटुंबांनी अर्ज करण्यापूर्वी पुढील भाग शांतपणे वाचावा, कारण येथे परतीचा मार्ग अवघड आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार हा दर्जा हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध व्यक्तींनाच मिळतो. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तो त्या व्यक्तीपुरता संपतो. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, बाप्तिस्मा घेऊन नियमित चर्चला जाणाऱ्या आणि नोकरीसाठी हिंदू असल्याचे सांगणाऱ्या महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला आणि अशा दाव्याला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटले. श्रद्धा एक आणि दाखला दुसरा, अशी कसरत करण्याचा सल्ला आजही दिला जातो. तो कृपया ऐकू नये, कारण जात पडताळणी समितीचे दक्षता पथक गृहचौकशी करते आणि प्रमाणपत्र रद्द झाल्यास नोकरी, प्रवेश, निवडून आलेले पद असे सगळे धोक्यात येते. घरात ज्यांनी धर्म बदललेला नाही त्यांचा दर्जा मात्र कायम राहतो, आणि म्हणूनच त्यांचे कागद वेगळे व स्वच्छ ठेवणे फार महत्त्वाचे आहे. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अशी अट नाही. दलित ख्रिस्ती कुटुंबांवर अनुसूचित जातींचा हा नियम अन्याय करतो असे मला वाटते, आणि या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोगही नेमला. परंतु अर्ज आजच्या नियमानेच करावा लागतो.

पतिपत्नींपैकी एकानेच धर्म बदलला तर विवाह आपोआप मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली घटस्फोट मागण्याचा हक्क धर्म न बदललेल्या जोडीदाराला मिळतो. बदलणाऱ्याला स्वतःच्या धर्मांतराचा आधार घेता येत नाही, आणि पहिला विवाह कायम असताना दुसरा केल्यास तो गुन्हाच ठरतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालचा पत्नीचा निर्वाहाचा हक्क तिने धर्म बदलल्यावर जातो, मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागण्यास धर्म आड येत नाही. हिंदू राहिलेल्या अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून काम करण्याचा कायदेशीर अधिकारही धर्म बदललेल्या आईकडे किंवा वडिलांकडे राहत नाही. ताब्याचा वाद न्यायालयात गेलाच तर मुलाचे हित पाहिले जाते. मुलांचा बाप्तिस्मा करायचा असल्यास दोन्ही पालकांची लेखी संमती घ्यावी. एकाच्या सहीवर घाईने उरकलेल्या विधीमुळे मूलच दोन घरांमध्ये ओढले जाते.

वारशाबाबत भीती जास्त आणि माहिती कमी असते. धर्म बदलला म्हणून हिंदू आईवडिलांच्या मिळकतीतील वारसाहक्क जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये धर्म बदललेल्या मुलीचा वडिलांच्या मिळकतीतील हक्क मान्य केला. अडचण पुढच्या पिढीची आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ नुसार, धर्मांतरानंतर जन्मलेली मुले वारसा खुला होताना, म्हणजे त्या नातलगाच्या मृत्यूच्या वेळी, हिंदू नसतील तर त्यांना हिंदू नातलगांचा वारसा मिळत नाही. समजा एका शेतकऱ्याच्या मुलाने २०१५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याला २०१२ ची मुलगी आणि २०१८ चा मुलगा आहे, आणि तो स्वतः वडिलांच्या आधी वारला. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, तर नातीला वाटा मिळतो आणि ख्रिस्ती म्हणून वाढलेल्या नातवाला मिळत नाही. आजोबांनी स्वतःच्या मिळकतीचे मृत्युपत्र करून ठेवले तर हा पेच टळतो. धर्म बदललेल्या व्यक्तीच्या स्वतःच्या मिळकतीला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो : मुले असल्यास जोडीदाराला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना समान. गोव्यात वारसा धर्मावर ठरत नाही.

राजपत्र हाती आल्यावर कोठे कोठे धाव घ्यावी लागेल, या चिंतेचे फारसे कारण नाही. आधार, पॅन आणि पासपोर्ट यांवर धर्माचा रकाना नसतो. नाव तेच असेल तर यांपैकी काहीही बदलावे लागत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांनी आपल्या कार्यालयाला लेखी कळवून सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी, शिकत असलेल्या मुलांच्या बाबतीत शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा आणि अल्पसंख्याक म्हणून प्रवेश किंवा शिष्यवृत्ती घ्यायची असल्यास बाप्तिस्म्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडावी. राजपत्राची डिजिटल प्रत उतरवून घेऊन तिच्यावरील तारीख व अर्जाचा क्रमांक बाप्तिस्म्याच्या दाखल्यासोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवावा.