तहसीलसमोरच्या दुकानात तीन ब्राउझर का असतात

मराठवाड्यात कोणत्याही तहसील कार्यालयासमोर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान सापडतंच. तिथल्या संगणकावर क्रोम असतं, मायक्रोसॉफ्टचं एज असतं आणि एखाद्या ठिकाणी जुनाट फायरफॉक्स, 'अपडेट करू नये' असं नाव देऊन ठेवलेलं. यातलं फास्ट कोणतं असं विचारलं, तर दुकानदार उलट विचारतो, "काम कोणतं हाय?" त्याच्या या प्रश्नामागे बराच इतिहास आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्सप्लोरर आलं. तेव्हा नेटस्केप हा ब्राउझर जोरात होता. पण एक्सप्लोरर विंडोजसोबत फुकट यायचं, आणि फुकटापुढे नेटस्केपचं काही चाललं नाही. २००१ मध्ये एक्सप्लोरर ६ आलं. पुढची आवृत्ती थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. स्पर्धक उरला नाही की असं होतं. नेमक्या याच काळात जिल्ह्याच्या गावांत नेट कॅफे वाढले, त्यामुळे निळा 'ई' म्हणजेच इंटरनेट अशी अनेकांची समजूत झाली. सरकारी संकेतस्थळंही त्याच्याच मापाने शिवली गेली.

मराठी वाचकाचं दुखणं वेगळंच होतं. पान किती वेगाने उघडतं हे नंतर. उघडल्यावर वाचता येतं का, हा पहिला प्रश्न. प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड रुळण्याआधी वर्तमानपत्रांचे फॉन्ट आपापले असत. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले, त्यामुळे फॉन्ट नसला की अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. एक्सप्लोररमध्ये पानाबरोबर फॉन्ट आपोआप उतरण्याची सोय होती, ती दुसरीकडे चालेच असं नाही. युनिकोडचं पान असलं तरी विंडोज एक्सपीमध्ये आधी भारतीय लिप्यांच्या चौकटीत टिक करावी लागे, आणि मग संगणक विंडोजची सीडी मागे. ती सीडी असेंबल करून देणाऱ्याकडेच राहिलेली!

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० आलं. टॅब होते, पॉप-अप अडवायची सोय होती, पण खरी गंमत ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅड-ऑनमध्ये होती. 'पद्म' नावाचं एक अ‍ॅड-ऑन भारतीय भाषांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर ब्राउझरमध्येच युनिकोडमध्ये बदलून दाखवी. अ‍ॅड-ऑन कशाला हवं, हे मराठी माणसाला पटवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मोबाइलवर २००६ मध्ये ऑपेरा मिनी आलं. पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जाई, तिथे आवळलं जाई आणि मग नोकियाच्या साध्या फोनवर उतरे. मोजूनमापून डेटा वापरायच्या दिवसांत 'वेग' म्हणजे हाच. मराठीच्या जागी मात्र चौकोन दिसत. त्यावर उपाय होता: पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' टाकायचं आणि गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपात दाखवायचा पर्याय चालू करायचा. डेटा जास्त जाई, पण बातमी वाचता येई. पुढे यूसी ब्राउझरही पसरलं. जून २०२० मध्ये केंद्राने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात ते गेलं. त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, पानं आवळण्याची निकड सरत चालली होती.

क्रोम आलं २ सप्टेंबर २००८ रोजी. व्ही-८ या त्याच्या इंजिनामुळे पानांमागची जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा झपाट्याने चालू लागली, आणि टॅबची प्रक्रिया वेगळी ठेवल्याने एक टॅब अडकला तरी सगळा ब्राउझर बसत नसे. फॉर्मच्या शेवटच्या पानावर बसलेल्याला याची किंमत विचारा. बदल्यात ते रॅम खातं. दोन जीबीच्या संगणकावर दहा टॅब उघडले की पंख्याचा आवाज दारापर्यंत येतो.

आता ते 'अपडेट करू नये'. डिजिटल सहीची कामं बराच काळ ब्राउझरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, म्हणजे जावा अ‍ॅप्लेटवर चालत. सुरक्षेच्या कारणाने क्रोमने ते चालवणारे प्लग-इन २०१५ मध्ये बंद केले, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. ई-निविदा भरणाऱ्यांनी मग जुनी आवृत्तीच जपून ठेवली. एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झालं, तरी जुन्या संकेतस्थळांसाठी एजच्या पोटात त्याचा 'आयई मोड' अजून आहे.

वेगाची तुलना तर आता जरा पोकळच झाली. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, एज २०२० मध्ये क्रोमच्याच पायाशी असलेल्या क्रोमियमवर आलं. पाट्या वेगळ्या, भट्टी एकच. खरा फरक आज अ‍ॅड-ऑनमध्ये आहे. क्रोमने एक्स्टेन्शनचे, म्हणजे त्याच्याकडच्या अ‍ॅड-ऑनचे, नियम बदलले आणि जाहिराती अडवणारं मूळ 'यूब्लॉक ओरिजिन' तिथे चालेनासं झालं. फायरफॉक्समध्ये ते चालतं, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये मात्र एक्स्टेन्शनची सोयच नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांचा ब्राउझर म्हणजे फोनवरचं तेच क्रोम.