आकाशगंगेच्या भुजा सापडल्या कशा?

पाऊस ओसरला की कासला सगळे जातात ते फुलांसाठी. ऑक्टोबरच्या अमावास्येला रात्री आठच्या सुमारास यवतेश्वरच्या पुढे, दिव्यांपासून लांब थांबलं, तर नैर्ऋत्येला धनू राशीजवळ आकाशगंगेचा पांढुरका पट्टा दाटलेला दिसतो. आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांची चपटी तबकडी, आणि तिच्यातले वळत गेलेले ताऱ्यांचे नि वायूचे पट्टे म्हणजे भुजा. आपल्या आतल्या बाजूची धनू भुजा तिकडे आहे. ईशान्येला शर्मिष्ठेखाली ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ (ताऱ्यांचे दोन शेजारी पुंजके) वर येत असतो. तो बाहेरच्या ययाती भुजेतला, सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवरचा. मधल्या मृग भुजेत आपण.

नुसत्या नजरेला यातलं काही उलगडत नाही. लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये १८४५ सालीच एम-५१ या दीर्घिकेचा, म्हणजे आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारकासमूहाचा, पीळ दुर्बिणीतून पाहिला होता, पण ती पडली बाहेरची. आपण स्वतःच्या तबकडीच्या आतच, त्यात वाटेत धूळ.

अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी सरसकट तारे मोजायचं सोडलं. त्यांनी धरले फक्त तप्त निळे तारे आणि त्या ताऱ्यांनी उजळलेले तेजोमेघ, म्हणजे वायूचे ढग. हे तारे अल्पायुषी. जन्मस्थानापासून फार लांब जायच्या आतच संपतात, म्हणून भुजेचा माग त्यांच्यावरून लागतो. अंतरं कागदावर मांडली आणि मृगाचा नि ययातीचा पट्टा वेगळे निघाले. डिसेंबर १९५१ मध्ये क्लीव्हलँडला खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा श्रोत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओलहर पकडली गेली. तिला धूळ आडवी येत नाही, त्यामुळे पलीकडचे नकाशेही निघू लागले.

खरी पंचाईत पुढे होती. केंद्राजवळचे तारे फेरी लवकर संपवतात. सूर्याला एका फेरीला साधारण २३ कोटी वर्षं लागतात, म्हणजे जन्मापासून त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्या. तेच तेच तारे धरून भुजा फिरत असत्या, तर एव्हाना गुंडाळून दिसेनाशा झाल्या असत्या. १९६४ मध्ये लिन आणि शू या संशोधकांनी घनता-तरंगाचा सिद्धांत मांडला. खंबाटकी घाटात रेंगाळणाऱ्या ट्रकमागे गर्दी कायम असते, तिच्यातल्या गाड्या मात्र बदलत राहतात, भुजाही तशाच. तारे आत शिरतात, बाहेर पडतात. वायू तिथे दाबला जातो आणि नवे तारे पेटतात.

सगळ्यांनाच हे पटलेलं नाही. संगणकी प्रारूपांत भुजा बनतात, मोडतात, पुन्हा बनतात. भुजा किती, यावरही वाद आहेच: जुने तारे मोजले तर ठळक दोन, वायू आणि तरुण तारे पाहिले तर चार. आपली मृग भुजा तर बरीच वर्षं नुसता फाटा समजली जायची. रेडिओ दुर्बिणींनी अंतरं नेमकी मोजल्यावर ती वाटली होती त्याहून बरीच लांब निघाली.